दोरा बांधायच्या आधी

माझ्या दोन भावांनी भांडायला जागा निवडली ती पिराची. शेताच्या बांधावरून भांडले असते तर गावात कुणी मान वर करून बघितलं नसतं. घरोघरी मातीच्या चुली. पण जिथं माणसानं आपला मोठेपणा चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचा, नेमकं तिथंच हे दोघे 'मान कुणाचा' म्हणून भांडले. मी या दोघांची मधली बहीण. थोरला ज्योतिबा, आमचा अण्णा, बेळगावात वकिली करून टिळकवाडीत बंगला बांधून राहिला. धाकटा महादेव, म्हणजे म्हादू, गावातच राहिला. निपाणीच्या अलीकडं आमचं गाव, तिथं तो तंबाखू आणि ऊस करतो. मीही टिळकवाडीतच शाळेत शिकवून निवृत्त झाले. माझ्या नाकावर राग असतो असं सगळे म्हणतात. असू दे, नाक माझं आहे.

आमच्या गावात मोहरम म्हणजे सगळ्यांचा सण. मुसलमानांची घरं मोजकीच, पण पीर बसले, म्हणजे दर्ग्यात पंजे मांडले, की सगळं गाव तिकडं. अण्णा अगदी लहान असताना तापानं फणफणला, डोळे पांढरे करायला लागला, तेव्हा आईनं पिराला नवस बोलला, 'पोरगं वाचू दे, दर मोहरमाला तुझा फकीर करीन, जन्मभर.' जन्मभर म्हणजे पोराच्या जन्मभर. पोराला कुणी विचारलं नव्हतं. पुढं म्हादू चालायला लागला आणि अण्णाच्या गळ्यातला लाल दोरा बघून भोकाड पसरून बसला. मग आईनं त्यालाही बांधून टाकला.

फकीर व्हायचं म्हणजे पीर बसल्यावर दर्ग्याच्या मुजावराकडून गळ्यात दोरा बांधून घ्यायचा. मग पीर उठेपर्यंत, म्हणजे सण संपेपर्यंत, पायात चप्पल नाही, झोपायला खाट नाही, आणि रोज झोळी घेऊन पाच घरं मागायची. मिळेल तेच खायचं. माझे भाऊ झोळी घेऊन निघाले की मी त्यांच्या मागं मागं. मलाही दोरा हवा म्हणून मी एकदा दर्ग्यात पाय आपटले होते. अप्पालालमामा म्हणजे आमचे मुजावर, बशीतला चहा फुंकत म्हणाले, "तुला कशाला गं दोरा? तू अशीच रागं-रागं सगळं गाव फिरून येतीस."

अप्पालालमामांना मामा कुणी ठरवून म्हटलं नाही. आईनं त्यांना भाऊ मानलं, झालं. मोहरमाच्या आधी ते आम्हा पोरांना चिंच देऊन पितळेचे पंजे घासायला बसवायचे. अण्णाचा पंजा सगळ्यांत आधी चकचकायचा. "मामा, बगा, माझं तोंड दिसतंय ह्यात," असं तो अभिमानानं म्हणायचा. मामा बघायचे आणि परत चिंच पुढं करायचे. "तुझंच दिसतंय न्हवं? मग अजून घास." अण्णा चिडायचा, म्हादू खिदळायचा. त्या चिंचेच्या आंबूस वासात ऊद मिसळलेला, पलीकडं मामी मोहरमाचे गोड चोंगे तळतायत, त्यांचा गुळाचा वास. आजही कुठं गूळ कढताना वास आला की मी उभी असेन तिथं थांबते. माझी सून ओवी विचारते, आई काय झालं? काय सांगणार तिला?

संध्याकाळी मामा आम्हाला ओसरीवर बसवायचे. डोळे मिटायचे आणि श्वासाकडं बघायचं. "आत येतोय तो पाव्हना, भाईर जातोय तोबी पाव्हना. तुमी नुसतं दारात बसा. कोन आलं, कोन गेलं, एवडंच बगा." म्हादू दोन पाहुण्यांतच झोपून जायचा. अण्णा ताठ बसायचा, आणि मामा बघतायत का हे एक डोळा उघडून बघायचा. मी तर बसायचेच नाही. पण झोळी घेऊन निघताना मामा जे सांगायचे ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. "हात पसरताना आत कायतरी दुकतंय बगा. त्येला आमी नफ्स म्हंतो. त्यो मीपना. पोटासाठी न्हाय मागायचं पोरांनो, त्येला मारायला मागायचं." मग हळूच हसायचे. "माजाबी मेला न्हाय अजून. कुनी सलाम केला न्हाय की टोचतोय."

असल्या माणसाच्या हाताखाली वाढून माझे भाऊ काय करतात? शेवटच्या दिवशी पीर नदीवर नेतात, तेव्हा पहिला पंजा उचलायचा मान आमच्या घराचा. आप्पा, म्हणजे आमचे वडील, होते तोवर त्यांनी उचलला. आप्पा गेल्यावर अण्णा बेळगावहून परीटघडीचं धोतर नेसून यायचा आणि उचलायचा. आई गेली त्या वर्षी म्हादूचा बांध फुटला. भर मिरवणुकीत तो म्हणाला, "वर्षभर दर्गा सारवायला म्हादू, आईचं हागणं-मुतणं काढायला म्हादू, आणि पीर उचलायला बेळगावचा साहेब व्हय?" अण्णानं पंजा जवळच्या माणसाच्या हातात दिला आणि म्हणाला, "परत तुझ्या दारात पाय ठेवला तर बापाचं नाव लावणार न्हाय." आणि निघून आला.

त्यानंतर पंजा गावातला दुसराच कुणी उचलतो. अण्णा दरवर्षी जातो, दोरा बांधून घेतो, दर्ग्याच्या ओसरीवर निजतो आणि पाच घरं मागतो. त्यात आमचं घर नसतं. म्हादूनं दोरा बांधायचं सोडूनच दिलं. आणि मी? आईच्या वर्षश्राद्धाला अण्णा दाराबाहेरच उभा राहिला, तेव्हा मी दोघांनाही ऐकवलं होतं, "तुम्ही एका पंगतीला बसेपर्यंत मी ह्या घरात जेवणार न्हाय." एक घाव दोन तुकडे करायची माझी सवय. रागात बोललेला शब्द गिळता आला नाही, आणि तेव्हापासून माहेरचा घासही नाही. म्हादूची बायको मालू दरवर्षी कुणाकडून तरी माझ्यासाठी शेंगांची चटणी पाठवते. ती मी खाते, पण ते माहेरच्या ताटात वाढून घेतलेलं जेवण नव्हे.

गेल्या वर्षी अण्णाचं हृदयाचं ऑपरेशन झालं. त्यामुळं या मोहरमाला वहिनी मला म्हणाल्या, "तुम्ही सोबत जा. माझं ऐकणार नाहीत ते." आम्ही दोघं सकाळच्या बसनं निघालो. बाहेर भुरभुर पाऊस होता. अण्णा खिडकीतून बघत होता, आणि सारखा मोकळ्या गळ्यावरून हात फिरवत होता. "त्या दोऱ्यानंच वाचलोय माधवी," तो म्हणाला. "डॉक्टर काय म्हणू देत." मी म्हटलं, "मग दोऱ्यानं जरा अक्कलपण दिली असती तर बरं झालं असतं." तो हसला नाही.

मामा ओसरीवर चटईवर पडले होते. आता त्यांची नजर गेली आहे. बाकीचं सगळं मुलगा बघतो, पण दोरा मात्र अजून मामाच बांधतात, चाचपून. अण्णानं चपला काढल्या आणि पुढं बसून मान वाकवली. मामांनी त्याच्या मानेवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि काढून घेतला.

"ह्या वर्षी बांधत न्हाय," ते म्हणाले.

अण्णाला वाटलं, मामांना ओळख पटली नाही. "मामा, मी ज्योतिबा."

"व्हय की. हात सांगतोय मला. बांधत न्हाय. आदी माग, मग बांधतो. आनि पाच घरं न्हायत. एकच घर."

कुठलं घर ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

अण्णातला वकील उठून उभा राहिला. "मामा, नवस आईचा हाय. त्यात तुमची अट कशी काय बसती?"

"तुज्या आईनं पोराला फकीर करीन म्हनून बोललं हुतं," मामा म्हणाले. "वकील करीन म्हनून न्हाय."

मी तोंडाला पदर लावला. अण्णा उठला आणि पायऱ्या उतरून चिंचेखालच्या कट्ट्यावर जाऊन बसला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी त्या कट्ट्यावर बसलेला बघितला. मी त्याच्याकडं जाणार तोच मामांनी मला थांबवलं. "बसू दे. इतकी वर्सं माज्याकडनं चूक झाली, पोरी. पाच घरं माग म्हनलं, कुटली ते सांगिटलं न्हाय. ह्येनं सोपी घरं निवडली. जितं वकीलसायेब म्हनून सूप भरून वाडतात, तितं काय मागायचं? त्येला भीक म्हनत न्हाईत, अहेर म्हंतात. मीबी म्हातारा झालो, आज सांगतो उद्या सांगतो करत ऱ्हायलो. आता लई उद्या न्हाईत माज्याकडं."

तरी मी गेलेच. मला राहवतं कुठं? कट्ट्याशी उभी राहून म्हटलं, "अण्णा, तो दार लावेल म्हणून भितोस काय?"

"लावंल तो," अण्णा म्हणाला. "त्याच्या जागी मी असतो तर लावलं असतं."

"मग लावू दे. पण मी म्हातारी झाले रे. मला माहेरी जेवायचंय." एवढं साधं वाक्य मी इतक्या वर्षांत कुणाला सरळ म्हटलं नव्हतं. रागावण्यातच सगळा वेळ घालवला. अण्णा मग उठला, ओसरीवरची झोळी खांद्याला लावली आणि अनवाणीच निघाला. कट्ट्यापासून आमच्या घरापर्यंत वाट चिखलाची. वाटेत दोघातिघांनी "वकीलसाहेब, इकडं या की" म्हणून हाका मारल्या, झोळी बघून सूप आणायला आत पळाले. अण्णा थांबला नाही.

आमच्या दारातला शेवगा अजून आहे. मी त्याच्याखाली थांबले, अण्णा अंगणात गेला. कोर्टात खणखणणारा त्याचा आवाज अगदी बारीक निघाला. "फकीर आलाय, माय. काय असंल ते वाढा." कुणाला ऐकू गेलं नाही. मग तो परत म्हणाला, मोठ्यानं.

मालू ओल्या हातांनी बाहेर आली, बघितलं, आणि तशीच आत वळली. मग म्हादू आला, खांद्यावर टॉवेल. उंबऱ्यावर थांबला. अण्णाचे चिखलानं भरलेले पाय त्यानं बघितले, झोळी बघितली. म्हादूची जीभ खुरप्यासारखी आहे. आता हा चार माणसांत बोललेलं सगळं परत काढणार, असं वाटलं.

"कुठनं आला, बाबा?" म्हादूनं विचारलं.

फकिराला हे विचारायची रीतच आहे, आणि फकिरानं 'पिराकडनं' एवढंच म्हणायचं असतं. लहानपणापासून अण्णाचं हे तोंडपाठ. अण्णानं खांद्यावरची झोळी सावरली.

"ह्याच घरातनं गेलतो रं," तो म्हणाला.

मालू सुपात जोंधळं घेऊन आली, ते सूप म्हादूनं तिच्या हातातून घेतलं आणि अंगणात उतरला. वाढताना तो अण्णाच्या तोंडाकडंच बघत होता, निम्मे दाणे झोळीबाहेर सांडले. दोघेही एकदम वेचायला वाकले. "तू नगो वाकूस, छातीचं दुखणं हाय तुझं," म्हादू म्हणाला. म्हणजे ऑपरेशनचं त्याला ठाऊक होतं तर. तो फकिराच्या पाया पडतात तसा पाया पडला, आणि खाली वाकलेलाच म्हणाला, "आत ये. जेव."

"आज मागू दे," अण्णा म्हणाला. "पीर उठलं की जेवायला येतो. हिलाबी आणतो." मी शेवग्याला धरून उभी होते आणि डोळ्यांतून पाणी वाहू देत होते, पुसायला पदर सापडला नाही, तो हातातच होता.

अण्णा वळला आणि चालायला लागला. दोरा बांधला की फकिराचं नाव कुणी घेत नाही, आणि घेतलं तरी तो मागं वळत नाही. पीर उठेपर्यंत तो कुणाचा भाऊ नसतो. हे म्हादूला माझ्याइतकंच माहिती. अण्णा गल्लीच्या वळणापर्यंत पोचला असेल, तेव्हा म्हादू रिकामं सूप हातात घेऊन रस्त्यापर्यंत आला.

"अण्णाऽऽ!"

अण्णा जागीच थांबला. त्याचा हात गळ्याकडं गेला. गळा मोकळाच होता. तो वळला.

"काय रं म्हादू?"

"काय न्हाय," म्हादू म्हणाला. "हाक मारून बघितली."