मस्कतला न वाचता आलेलं पान

मित्रांनो, पेणच्या एका संगणक वर्गाच्या पोटमाळ्यावर फाटक्या चादरीखाली पिवळट पडलेला एक खोका आहे ना, तोच मी. हसू नका. म्हातारा झालोय खरा, पण एके काळी माझ्यासमोर लोक चपला काढून बसायचे.

माझा जन्म काही थोरामोठ्यांच्या घरचा नव्हे. रोह्याच्या एका दुकानात सुटे भाग जोडून मला उभं केलं. रोह्याजवळच्या अष्टमी गावच्या मृणालीताईंनी १९९८ साली मला विकत घेतलं आणि एसटीने पेणला आपल्या संगणक वर्गात आणलं. माझा पडदा त्यांच्या मांडीवर, धड सीटखाली. रस्त्यातले सगळे खड्डे मी पोटाने मोजले. दसऱ्याला ताईंनी मला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं. त्यातलं थोडं फ्लॉपीच्या फटीत गेलं आणि मी दोन दिवस शिंकल्यासारखा अडखळत होतो, पण मान मिळाला याचा आनंद मोठा होता.

शेजारीच चंद्रावतीकाकींचा गणपतींचा कारखाना. नवरा गेल्यावर काकींनी तो एकटीने चालवला. डोळ्यांच्या आखणीचं काम हौसाताईंचं. आमच्या पेणमध्ये डोळे अगदी शेवटी काढतात. तोवर उन्हाळाभर ओळीने बिनडोळ्यांचे गणपती मांडलेले, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही.

पुढच्या वर्षी गिऱ्हाईक फार कमी झालं. परदेशातून मागणी आली नाही तर कारखाना बंद करून हौसाताईंना घरी बसवावं लागणार, हे काकींना दिसत होतं. म्हणून मृणालीताईंनी कारखान्यातल्या मूर्तींचे फोटो घालून माझ्यावर वेबसाइट बनवली. मूळ मजकूर मराठीत, त्याचं भाषांतर इंग्रजी आणि गुजरातीत. मी सगळी पानं झोकात दाखवत होतो. स्वतःवर बेहद्द खूश होतो, खोटं कशाला बोलू?

वैशाखात मस्कतहून दामोदरचा फोन आला. हा मूळचा पेणचाच, तिथल्या मराठी मंडळाचा कार्यकर्ता. बोलणं झाल्यावर काकी तडक वर्गात आल्या.

"अगो मृणाली, मंडळाला एकवीस मूर्ती हव्या हायत. पण मराठीचं पान उघडलं की नुसती चौकटी-चौकटींची रांग दिसते म्हणे, गुजरातीचं पण तसंच. इंग्रजी तेवढं दिसतं, ते म्हाताऱ्यांना वाचता येत नाय. वर विचारतात, गणपतीला डोळे का नाय? शुक्रवारी त्यांची बैठक हाय. पान दिसलं नाय तर काम दुसरीकडे जाणार."

ताईंनी पानं माझ्यावर उघडली. लख्ख दिसली. "काकी, इथे तर सगळं ठीक आहे. त्यांचाच संगणक बिघडला असेल."

मीही मनात म्हटलं, अगदी बरोबर. पण ताईंना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी रोह्याला जाऊन त्यांनी दुसऱ्या संगणकावर तीच पानं उघडली, तर तिथेही चौकटी. तेव्हा कळलं की ती अक्षरं, म्हणजे त्यांचे फॉन्ट, फक्त माझ्याकडे होती. दुसऱ्या कुठल्याही यंत्राला ती ठाऊकच नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शहाणा म्हणून मिरवत होतो आणि काकींचा मजकूर माझ्यापलीकडे गेलाच नव्हता.

बुधवारी सगळ्या माझ्यासमोर तोंड पाडून बसल्या. हौसाताई तेवढ्या शांत होत्या.

"फोटो दिसतात ना गो त्यांना?" त्यांनी विचारलं.

"दिसतात."

"मग अक्षराचा पण फोटोच काढ. मी लिवते."

मृणालीताईंनी कोरे कागद पुढ्यात ठेवले. मग हौसाताईंनी आखणीचाच बारीक ब्रश घेतला. काकी सांगत गेल्या, त्या लिहीत गेल्या. शेवटी काकी म्हणाल्या, "आणि हे पण लिव. आमच्याकडे डोळे शेवटी काढतात. ज्याच्या घरी जायचं त्या माणसासमोर देवाने डोळे उघडायचे." हे लिहायचं आधी कुणाला सुचलंच नव्हतं. पेणमध्ये ते कोण कुणाला सांगतो? गुजराती पान बाजारातल्या कापडवाल्यांच्या सूनबाईंनी लिहून दिलं.

फोटो स्टुडिओतून पानांची चित्रं फ्लॉपीवर आली. ती चित्रं भलतीच जड होती. दोनदा मी मान टाकली. हौसाताई पुठ्ठ्याने मला वारा घालत बसल्या. गुरुवारी दुपारी फोनची लाइन तिसऱ्यांदा लागली आणि एकेक पान मी कण्हत कण्हत वेबसाइटवर पोचवलं.

शुक्रवारी फोन वाजला. काकींनी सगळं ऐकून घेतलं. "एकवीसच्या एकवीस," म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

पुढे दामोदरने माझ्यावर ई-मेलने पत्र पाठवलं, त्यात एकवीस घरांची नावं. 'आम्हाला येता येणार नाही. डोळे उघडताना ज्याचा गणपती त्याचं नाव तेवढं वाचा.' मृणालीताई नावं कागदावर उतरवायला लागल्या, तर काकींनी थांबवलं. "कागद कशाला? ज्याच्या पोटात ती माणसं हायत त्यालाच घेऊन या."

मला कारखान्यात नेऊन पाटावर बसवलं. ताई माझ्यावरचं नाव वाचत, आणि हौसाताई माझ्यासमोरच्या मूर्तीच्या डोळ्यांत ब्रश टेकवत. मित्रांनो, त्या एकवीस गणपतींनी डोळे उघडून या जगात सगळ्यांत आधी पाहिलं ते मला. मी साधं यंत्र, पण त्या दिवशी मला भरून आलं.

नंतर नवे संगणक आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. त्याचं दुःख फारसं नाही. नव्यांना सगळ्या भाषा येतात, हे ऐकून बरंच वाटतं. ती वेबसाइट केव्हाच बंद झाली. हौसाताईंच्या ब्रशची ती पानं आता फक्त माझ्या पोटात आहेत. म्हणून एवढंच मागतो. कुठलंही जुनं यंत्र भंगारवाल्याला देण्याआधी त्याला एकदा वीज जोडून बघा. आत कुणाचं अक्षर असेल तर ते आधी उतरवून घ्या. मग खुशाल मोडा आम्हाला, आमची काही तक्रार नाही.