अकरा पावलं

गोलात एका वेळी एकच माणूस. आमच्या स्टुडिओतला हा पहिला नियम, आणि तो माझ्याच आईने मोडला.

खोलीला चहूबाजूंनी हिरवा पडदा, भोवती अठ्ठेचाळीस कॅमेरे. मधल्या गोलात माणूस चालतो, सगळे कॅमेरे त्याला एकदम टिपतात, आणि त्यातून संगणकावर त्याचं हलतं-चालतं शरीर तयार होतं. हव्या त्या बाजूने फिरवून बघा. त्या शरीराला कुठे भोकं पडतात, कुठे बोटं एकमेकांना चिकटतात. ते निस्तरायचं काम माझं. सहा वर्षं परक्यांची बोटं सोडवतेय. डोळ्यांची पार वाट लागली आहे. घरी गेल्यावर घरच्यांशी दोन शब्द बोलायचाही कंटाळा येतो, आणि त्याची मला लाज वाटते.

बाबा निवृत्त पोस्टमन. उभा जन्म लोकांच्या दारांपर्यंत चालण्यात गेला. मधुमेहाने डावा पाय खाल्ला, आणि सोमवारी तो गुडघ्याखालून काढायचं ठरलं. दूरदेशी असलेल्या दादाचा फोन आला.

"मला दोन्ही पायांवर चालणारे बाबा ठेवायचेत. तुझ्याच हातात आहे ते. आणि फक्त बाबा हं, मधे कोणी नको."

यायला जमत नाही, पण हुकूम सोडायला दादाला अंतर कधी आड येत नाही.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत स्टुडिओ मोकळा मिळाला. बाबांबरोबर आईही आली. बाबांनी काठी बाहेर ठेवली. चार पावलं बरी पडली. पाचव्याला ते कलले.

"तुमची फरशीच वाकडी आहे," ते म्हणाले.

"हो तर! नाचता येईना अंगण वाकडं," म्हणत आई सरळ गोलात शिरली आणि तिने त्यांचा कोपर धरला.

"आई, बाहेर हो!"

"तू तुझं काम कर."

अकरा पावलं झाली. बाबा खुर्चीत बसले तेव्हा घामाने निथळत होते. त्यांना पुन्हा चालवायची माझी छाती झाली नाही. म्हणजे जे काय होतं ते एवढंच.

शनिवारी घरी, जेवायच्या टेबलावर, मी आईला त्या चित्रणातून काढायला बसले. आई निघाली. तिने धरला होता तो कोपर मात्र एकाही कॅमेऱ्याला दिसला नव्हता. तिथे नुसतं भोक. ते मी दुसऱ्या कोपरावरून भरलं, असली कामं हातचा मळ आहेत. पण पाचव्या पावलापासून बाबा हवेवर रेलून चालत होते. त्यांना सरळ केलं, तर डावा पाय जमिनीवरून उचलला गेला. पाय टेकवला की कलायचे, सरळ केले की तरंगायचे. चार तास हाच खेळ. शेवटी मला रडूच आलं.

आई धुतलेले कपडे घेऊन मागे उभी होती. तिने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं.

"अगं, पडतील ना ते!"

आणि तिचा हात पुढे गेला. पडद्यापाशी पोचल्यावर तिला कळलं. मग ती उगाचच बोटांनी त्यावरची धूळ पुसत राहिली.

"किती घाण ठेवतेस गं," ती म्हणाली आणि आत गेली.

मी तिला चित्रणात परत आणलं. तिचा हात कोपरावर बसला आणि बाबांची पावलं जमिनीला लागली. तसंच दादाला पाठवून दिलं.

तासाभरात त्याचा फोन.

"फक्त बाबा म्हटलं होतं ना? आई कशाला मधे?"

"तिला काढून बघितलं."

"मग?"

"बाबा पडतात."

आतल्या खोलीत बाबा उठत होते, पलंग करकरला, आणि पाठोपाठ आईची पावलं ऐकू आली.

"ती कधीपासून धरतेय गं त्यांना?" दादाने विचारलं.

सांगायला मी तोंड उघडलं. मी याच घरात राहते. मलाही माहीत नव्हतं.