तुरट लाल

रंगारीणबाईंचा एक हट्ट होता. लाल रंगाचा दाणा स्वतः चावून पाहिल्याशिवाय तो हंड्यात पडू द्यायचा नाही. दाणा तुरट लागला की रंग पक्का, असं सासूबाईंनी शिकवलं होतं. तीस वर्षं हेच चाललं होतं.

त्या दिवशी हिब्रू शिकवणारे मास्तर ज्यूंच्या प्रार्थनाघराचा पडदा रंगवायला घेऊन आले.

"धर्मग्रंथातला लालच हवा बरं का," ते म्हणाले. "तिथे पापाचा रंगही हाच. आणि त्याच्या हिब्रू नावातच किडा आहे."

"किडा? काहीतरीच काय मास्तर! ही झाडाची बी आहे." बाईंनी दाण्यांची वाटी त्यांच्यापुढे आपटली आणि सवयीने एक दाणा तोंडात टाकला.

मास्तरांनी एक दाणा बशीत फोडला आणि खिशातलं भिंग बाईंच्या हाती दिलं. आत बारीक लाल अंडी ठासून भरलेली होती.

"ही बी नाही, किड्यांची आई आहे," मास्तर हळूच म्हणाले. "फांदीला चिकटते, अंड्यांवर पांघरूण होते आणि तिथेच मरते."

बाई थुंकायला मोरीकडे धावल्या, पण दाणा केव्हाच चावून झाला होता.

तेवढ्यात आतून धाकट्या जाऊबाईंनी विचारलं, "वहिनी, दाणे कसे आहेत? टाकू का हंड्यात?"

बाई चूळ भरत राहिल्या. जीभ मात्र तीस वर्षांच्या सवयीने सांगत होती, पक्का आहे, टाक.