जागा अडवणारा ड्रॅगन

दार बंद नव्हतं, नुसतं लोटलेलं होतं. पण भरदिवसा आमच्या घरात कोणी दार लोटत नाही, म्हणून माझं लक्ष गेलं. मी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होते. आतून माझ्या दिराचा, संघदीपचा, आवाज आला.

"हे फक्त तुले अन् मले माईत पाह्यजे, दिपू. आईलेबी सांगायचं नाई."

हातातली शेंग हातातच राहिली.

दिपू म्हणजे माझी धम्मदीपा, तिसरीतली. संघदीप पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, पण दिवाळीपासून इथूनच काम करतो. माणूस वाईट नाही. पण वाईट नसलेल्या माणसांबद्दलच तर सगळं ऐकायला येतं. कारंज्याला बी.एस्सी. करत होते तेव्हा एका मॅडमनी वर्गात सांगितलं होतं, धोका अनोळखी माणसाकडून कमी, घरातून जास्त. ते वाक्य मी आई झाल्यापासून उशाशी घेऊन झोपते. दिपूला मी एकटी दुकानात पाठवत नाही. शेलूबाजारच्या शाळेत ती काळीपिवळी जीपनं जाते, तर त्या जीपचं मागचं दार नीट लागत नाही हे पहिल्याच दिवशी मी पाहिलं आणि ड्रायव्हरला, गोपालला, सांगून ठेवलं, माझ्या पोरीला पुढे तुमच्या बाजूला बसवत जा. त्यानं ते एकदाही मोडलं नाही.

आणि आता घरातच हे.

संध्याकाळी कामासाठी वाशिमला असलेल्या नवऱ्याला फोन लावला. तो हसला. "सुकेशनी, तुले तर सावलीचाबी संशय येते. गेम खेळून राह्यले ते. संघदीप पुण्यात मित्रांसोबत खेळते ना, गोष्टीतला गेम, फाशांचा."

"मग दार कायले लोटते?"

"आईच्या टीव्हीचा आवाज येत असंल."

सासूबाईंचा टीव्ही मोठ्यानं असतो हे खरं. तरी मी दुसऱ्या दिवसापासून काम बदललं. संघदीपच्या खोलीसमोर वाळत घालायचं, तिथंच निवडायचं, तिथंच फोन पाहायचा. तो चहा मागायला आला की त्याच्या डोळ्यांत बघायचे. तो बिचकायचा. बिचकतो म्हणजे काहीतरी आहे, असं मी मनात लिहून घ्यायचे. दिपू आजकाल गप्प झाली होती. सकाळी डबा भरताना पोट दुखतं म्हणायची. तेही मी त्याच्याच खात्यावर टाकलं.

रविवारी पुन्हा दार लोटलं गेलं. मी सूप हातात घेऊनच आत शिरले.

दोघं खाली बसले होते. मधे वेगवेगळ्या आकारांचे फासे, एक तर वीस बाजूंचा, आणि वावरातल्या काळ्या मातीचा एक गोळा. दिपू त्याला शेपूट काढत होती.

"काय सांगायचं नाई आईले?" मी विचारलं.

संघदीपनं माझ्याकडे पाहिलं, मग सुपाकडे. माझ्या आवाजात काय होतं ते त्याला समजलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले.

"वहिनी, ड्रॅगनची कमजोरी," तो हळू म्हणाला. "गेममंधी दिपू एका किल्ल्यावर जाणार हाय. सोबतीले एक ड्रॅगन पाह्यजे. प्रत्येक सोबत्याची एक कमजोरी राह्यते. ती गुपित ठेवा लागते, नाईतर समोरचा राक्षस तिचा फायदा घेते. दुसरं काई नाई."

"मंग माह्यासमोर बनवा."

"बसा ना. तुमीबी बसा."

बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "ड्रॅगन म्हंजे अजगरच ना रे? घरात अजगर कायले बनवून राह्यले?"

"पायवाला अजगर, आई," संघदीप म्हणाला. "चावत नाई."

मी भिंतीला टेकून बसले. सूप मांडीवरच.

"हां, दिपू. त्याची ताकद राह्यली," तो म्हणाला. "एकच घेता येते. तोंडातून आग, नाईतर उडणं, नाईतर मोठं अंग. पुण्यात सगळे आगच घेतात."

"मोठं अंग," दिपू म्हणाली. विचार करायलाही थांबली नाही.

"लढाईत आग कामाची राह्यते बरं."

"नको. आग नको. लय मोठा पाह्यजे. जागा भरून गेली पाह्यजे."

"किल्ल्याएवढा?"

"नाई. सीटएवढा."

संघदीप हसला. "कोनती सीट?"

"गाडीतली. तो पुढं बसते. माह्या अन् गोपालमामाच्या मंधात." तिनं शेपूट मातीवर दाबून बसवलं. "मंग मामाचा हात पोचत नाई."

संघदीपच्या हातात फासा होता. तो त्यानं टाकला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. फार सावकाश, गेमच्याच आवाजात, त्यानं विचारलं, "हात कुठं पोचते, बेटा?"

"गिअर टाकताना पायाले लागते. मी पाय आखडून घेतो तरी लागते. फ्रॉकच्या इथं." तिनं गुडघ्याच्या वर बोट ठेवलं. "मामा म्हणते, गिअरच तसा हाय."

"आईले काहून नाई सांगितलं?"

"आईनंच तर सांगितलं तिथं बसाले."

सूप कधी कलंडलं मला कळलं नाही. तुरीचे दाणे फाशांमध्ये पसरले. दिपू घाबरून माझ्याकडे बघायला लागली, आपलं काही चुकलं का म्हणून. मी तिला जवळ ओढली. काय बोलले आठवत नाही. संघदीप दाणे वेचत राहिला, एकेक करून, मान वर न करता.

सोमवारी सकाळी मी दिपूसोबत जीपपाशी उभी राहिले. तिला मधल्या सीटवर बाकीच्या पोरींत बसवलं आणि मी पुढे चढले, गिअरला लागून. संघदीप मोटारसायकलवर मागे येणार होता. तसं मीच सांगितलं होतं.

"ताई, तुमी काहून?" गोपाल म्हणाला. "लेडीज मागं बसतात. पोरीले द्या पुढं, तिले सवय हाय."

"मले मागं मळमळते."

त्यानं चावी फिरवली. गाडी निघाली. मी मुद्दाम सरकून बसले, पाय गिअरच्या दांड्याला जवळजवळ चिकटवून. दिपूचे पाय तर माझ्या निम्मे. मी त्याच्या डाव्या हाताकडे बघत राहिले. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. गतिरोधक आला, पुन्हा दुसरा. फाट्यावर ट्रॅक्टर आडवा आला, पुन्हा पहिला. शेलूबाजार येईपर्यंत त्यानं कितीदा तरी गिअर बदलला.

माझ्या गुडघ्याला त्याचा हात एकदाही लागला नाही. इतक्या अडचणीतही नाही.

शाळेसमोर पोरी उतरू लागल्या. मी मागे वळून दिपूला विचारलं, "तुह्या आधी पुढं कोन बसत होतं?"

"माह्या वर्गातल्या आरोहीची ताई. ती आता सायकलनं येते. लय दूरून येते तरी."

गोपाल समोर काचेतून बघत होता. त्याचे हात स्टिअरिंगवर होते, दोन्ही.

मी उतरले. दिपूनं दप्तरातून मातीचा ड्रॅगन काढून माझ्या हातात दिला. वाळून त्याची शेपटी तडकली होती. तो घेऊन मी फाटकातून थेट मुख्याध्यापिकेच्या खोलीकडे चालू लागले. मागे मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला.

"ताई," गोपालनं हाक मारली, "वापस जाचं हाय ना? थांबू काय?"

"थांबा," मी म्हणाले. "तुमी थांबाच."