मिठागराकाठचा वटवट्या

माझा थोरला, नाएफ, ज्या वर्षी सीमेपलीकडच्या सुवैद्याहून बायको करून घेऊन आला, त्याच वसंतात अबू नाएफच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला.

अबू नाएफ, म्हणजे नाएफचे वडील, माझे यजमान; आणि मी उम्म नाएफ, त्याची आई. तारुण्यात ते आमच्या गावच्या, अझरकच्या मिठागरावर राबले. ते बंद पडल्यावर पाणथळीवर पक्ष्यांच्या नोंदीसाठी त्यांच्या पायांत आकडे कोरलेली कडी घालायचं काम शिकले. पहाटे जाळी लावायची, अडकलेलं पाखरू कापडी पिशवीतून आणायचं, ओळखायचं, कडं घालून सोडायचं. चुकीच्या नावानं घातलेलं कडं पाखराबरोबर जन्मभर फिरतं, म्हणून अम्मानच्या पक्षी-कचेरीतली सिरीन दर वसंतात येऊन प्रत्येकाचं काम पारखून बघे. त्या वर्षी तिनं आल्याआल्या सांगितलं, काकांना नीट ओळखता येत नसेल तर कडं आवळायची पक्कड परत द्यावी लागेल.

ते मला म्हणाले, शेजारी बस. कड्यांवरचे आकडे वाचून दाखवायला मी जातच असे.

"आयुष्यभर माझ्या तोंडाकडे बघितलं नाहीत," मी म्हटलं, "आता पाखराकडे काय बघणार?"

सिरीन हसली. ते हसले नाहीत.

पिशवीतून एक हिरवट-तपकिरी वटवट्या निघाला. या रंगाचे दोन वटवटे आमच्याकडे येतात, जुळ्या भावांसारखे. एकाचे पाय काळे आणि पंखातल्या सहाव्या पिसाची कड टोकाकडे आत गेलेली. दुसऱ्याचे पाय फिके, कड सरळ. अबू नाएफनी पाखराची मान दोन बोटांत धरली आणि पाय कसे आहेत ते मला विचारलं. मी फिके म्हणून सांगितलं. मग त्यांनी पंख उलगडला, बाहेरून एकेक पीस चाचपत गेले आणि सहाव्यावर थांबले.

"कड?"

"आत गेलीय."

"नीट बघ, उम्म नाएफ."

"बघितलं. आत गेलीय. पण पाय तर फिकेच."

पाय एकाचे नि पंख दुसऱ्याचा. सिरीनला आमच्याकडूनच उत्तर हवं होतं. मी पाखराच्या भुवईची रेघ बघितली, फुंकर मारून पोटाची पिसं बघितली. असं तिसरंच काही पाखरू असतं की काय, असं वाटून माझी झोप पार उडाली.

अबू नाएफनी विचारलं, कुठल्या जाळीतलं. मिठागराकाठच्या, सिरीन म्हणाली. त्यांनी अंगठा थुंकीनं ओला केला, पाखराची नडगी हळूच चोळली आणि अंगठा जिभेला लावला.

"खारट," ते म्हणाले. "आता बघ."

वाळलेला पांढरा चिखल निघाला होता. पाय काळाभोर होता.

सिरीननं नाव बरोबर असल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "पण काका, बघितलं काकूंनी. कडी घालायचा परवाना एकाच्याच नावावर असतो."

"मग जिनं बघितलं तिच्या नावावर कर," अबू नाएफ म्हणाले. "चाटायचं काम माझ्याकडे राहू दे."

आणि पक्कड माझ्या मांडीवर ठेवली. मी काही म्हणायच्या आत पाखरूही माझ्या हातात दिलं. सिरीनच्या देखरेखीखाली ते कडं मी घातलं. पाखरू लव्हाळ्यात शिरलं, तेव्हा कुठे गेलं म्हणून त्यांनी विचारलं. मी दिशा सांगितली.

पुढच्या शरदात मी रीतसर शिकून परवाना घेतला. ते पाखरू धरत, प्रश्न विचारत. मी बघून सांगत असे. अबू नाएफ त्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारी महिन्यात, घरीच वारले.