दुसरं आडनाव

बेलार्मिनोने आयुष्यात एकही पेनल्टी मान्य केली नव्हती. आपल्या गावच्या वाल्देसोल संघाविरुद्ध दिलेली तर नाहीच नाही. पण दुसऱ्याच कुठल्या दोन संघांच्या सामन्यात, टीव्हीवर सावकाश चारदा दाखवली तरी त्याला पटायची नाही. "पोरगं स्वतःच्याच पायात अडकून पडलंय," एवढं म्हणायचा आणि बारमधला ग्लास उचलायचा. चाळीस वर्षं गावच्या बेकरीत पहाटे उठून पीठ मळलेला माणूस, आणि आवाज असा की मैदानावर तो ओरडला की चर्चच्या मनोऱ्यावरचे करकोचे उडायचे.

मैदानावर पत्र्याचं छप्पर एकच. त्याखाली बेलार्मिनोची जागा ठरलेली, आणि शेजारी एर्मिनिया ओर्दास. दोघं शाळेत एका वर्गात होते. पूर्वी दोघांच्या मध्ये तिचा नवरा लोसादा बसायचा. तो गेल्यावर ती खुर्ची वर्षभर रिकामी राहिली. बेलार्मिनोची बायको तर त्याच्याही आधी गेलेली. मग एका हिवाळ्यात तो मधल्या खुर्चीवर सरकला. "माझ्या जागेवर पत्रा गळतो," म्हणाला. त्या हिवाळ्यात पावसाचा थेंब पडला नव्हता. गावाला हे चांगलं ठाऊक होतं, पण कधी नव्हे ते गाव गप्प बसलं. एर्मिनियाने आपली बसायची उशी जरा अलीकडे ओढली आणि सूर्यफुलाच्या बियांची पुडी त्याच्यापुढे धरली. त्यानंतर दर रविवारी सामना संपला की तो तिची उशी घेऊन तिच्या दारापर्यंत जायचा, उंबऱ्यावर उशी द्यायचा आणि परत फिरायचा. आत ये असं ती कधी म्हणाली नाही, आणि येऊ का असं विचारायचं त्याच्या जिवावर यायचं. शंभर माणसांसमोर बोंबलणाऱ्याचा आवाज तेवढ्या एका दारात बसायचा.

एर्मिनियाचा मुलगा फेर्मिन रेफरी होता. राहायला शहरात, आणि आठवडाभर काम चष्म्याच्या दुकानात. रेफरी आणि चष्म्याचं दुकान! या एका विनोदावर वाल्देसोलने वीस वर्षं काढली होती. रविवारी कुठल्या तरी गावचा सामना आटोपून, शिव्या खाऊन, तो संध्याकाळी आईकडे जेवायला यायचा.

रेफरी म्हटला की आमच्याकडे दोन आडनावं. खेळाडूला टोपणनाव चालतं, प्रशिक्षकाला एक आडनाव पुरतं. रेफरीला मात्र बापाचं आणि आईचं, दोन्ही लावून मैदानात उभं करतात. म्हणजे शिवी दोन्ही घरांत सारखी वाटता येते. फेर्मिनचं नाव पेपरात यायचं ते 'लोसादा ओर्दास' असं. फेर्मिनने शिट्टी हातात घेतली त्या वर्षापासून बेलार्मिनोने रेफरींच्या आईला शिव्या देणं बंद केलं होतं. सगळा भार तो बापांवर टाकायचा.

"त्या बापांनी काय घोडं मारलंय तुझं?" एकदा एर्मिनियाने हसून विचारलं होतं.

"त्यांना सवय असते."

"तुला एक सांगू? तू इथे ओरडतोस ना, तेव्हा मला वाटतं, आत्ता कुठल्या तरी गावात असाच एक बेलार्मिनो उभा राहून माझ्या नावाने ओरडत असेल."

त्या रविवारी तो उरलेला सगळा वेळ गप्प बसला होता.

मे महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला तेव्हा पेन्यारल पुढे होतं, एका गुणाने. पेन्यारल म्हणजे नदीपलीकडचं गाव, लाल जर्सीवाले. एके वर्षी त्यांनी रात्रीतून येऊन गोलच्या खांबाला गाढव बांधलं होतं, वाल्देसोलची हिरवी जर्सी घालून. गाढव मेलं त्याला जमाना झाला, जर्सी अजून क्लबच्या कपाटात आहे, आणि राग तर कपाटात मावत नाही. आज दोन्ही सामने एकाच वेळी. वाल्देसोलने जिंकायला हवं आणि तिकडे परक्या मैदानावर पेन्यारलने जिंकता कामा नये, म्हणजे मग विजेतेपद आपलं. गावाने ते कधीच पाहिलं नव्हतं. बेलार्मिनोचा बाप गोलरक्षक होता. एका गोलाने विजेतेपद हुकलं त्या संध्याकाळी तो पानावरून तसाच उठला होता, आणि समोर बसलेल्या लहानग्या बेलार्मिनोलाही मग घास उतरला नव्हता.

मैदान टेकडीच्या आड, त्यामुळे फोनला रेंज नाही. पलीकडची बातमी बेलार्मिनोच्या कानात यायची. जुना ट्रान्झिस्टर, एक वायर, एक कान. तो सांगेल ते गावाने ऐकायचं, अशी रीतच पडली होती.

सामना सुरू झाला आणि त्या कानात निवेदक म्हणाला, तिकडच्या रेफरीची सकाळी कंबर धरली, ऐनवेळी दुसरा रेफरी पाठवला, त्यामुळे सामना उशिरा सुरू होतोय. शिट्टी लोसादा ओर्दास यांच्याकडे.

बेलार्मिनोचा हात ट्रान्झिस्टरवर तसाच राहिला. त्याने तिरक्या नजरेने एर्मिनियाकडे पाहिलं. ती बिया सोलत होती, अगदी शांतपणे. जरा जास्तच शांतपणे. पण पुडी तिने आज त्याच्यापुढे धरली नव्हती.

"तिकडे शिट्टी कुणाकडे?" मागून खाटीक इसिद्रोने विचारलं.

"शहरातला आहे कुणीतरी. नाव नीट ऐकू आलं नाही."

खोटं नव्हतंच ते. फेर्मिन शहरातच राहत होता.

दुसऱ्या अर्ध्यात वाल्देसोलने गोल केला. एर्मिनियासुद्धा उठून उभी राहिली, बेलार्मिनोने तिचा हात धरून हवेत उंचावला आणि लक्षात येताच चटकन सोडून दिला. शेवटची शिट्टी वाजली. एक-शून्य. पण कुणी घरी गेलं नाही. मैदानातली अकरा पोरं घामेजल्या अंगाने छपराकडे तोंड करून उभी राहिली, आणि अख्खं गाव एका म्हाताऱ्याच्या कानाकडे बघत बसलं.

"काय चाललंय?"

"शून्य-शून्य. जादा वेळ चालू आहे."

"देवा, आता शिट्टी वाजव म्हणावं त्याला!"

शिट्टी वाजली. बेलार्मिनोला ती ऐकू आली, वायरीतून, बारीक. आणि मग निवेदकाचा चिरकलेला आवाज. पेन्यारलला पेनल्टी! लोसादा ओर्दास यांनी ठिपक्याकडे बोट दाखवलंय! बचावपटू छाती बडवून सांगतोय, हाताला नाही, छातीला लागला!

शिवी बेलार्मिनोच्या घशापर्यंत आली. चाळीस वर्षांतली सगळ्यात मोठी, बापाला सोडून थेट आईकडे जाणारी. त्याच्या कपाळावरची शीर ताठ झाली. तेवढ्यात त्याला एर्मिनियाचे हात दिसले. बियांची पुडी त्या हातांनी पार चुरगळून टाकली होती.

"फेर्मिनच ना?" ती हळूच म्हणाली. "काय केलंन?"

"तुला ठाऊक होतं?"

"सकाळी फोन आला होता त्याचा. आई, आज मैदानावर जाऊ नकोस, म्हणाला. मी म्हटलं, मी काय तुझ्यासाठी जाते होय मैदानावर?"

एरवी हे वाक्य बेलार्मिनो आठवडाभर उशाशी घेऊन झोपला असता. आत्ता तिकडे पेन्यारलचा खेळाडू धावत होता. गोल. आणि लगेच खेळ खलास.

"काका! काय झालं? बोला की!"

त्याने वायर कानातून काढली. "हरलो रे," म्हणाला. "पेन्यारल एक-शून्य. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी."

मैदानातला एक पोरगा मटकन खाली बसला. मग छपराखालचं गाव पेटलं. "कुणी दिली? कोण तो?" ओरडाआरडा झाला. फाटकाबाहेर, जिथे रेंज मिळते तिथे, कुणीतरी फोन बघत होतं. तिकडूनच खणखणीत आवाज आला: "लोसादा ओर्दास!"

मागच्या रांगांनी ते उचललं. लोसादा ओर्दास, तुझ्या आईला... सवय ती, दुसरं काय. तोंडाला नाव मिळालं की पुढचे शब्द आपसूक बाहेर पडतात. पुढच्या रांगांतले मात्र जागच्या जागी थिजले आणि एकेक मान एर्मिनियाकडे वळली. ती ताठ बसली होती. नजर मैदानावर, हनुवटी वर, आणि ओठ मुलगा पहिल्यांदा शाळेत गेला तेव्हा मिटले असतील तसे घट्ट मिटलेले.

"आपल्याच गावचा!" इसिद्रो लालबुंद झाला होता. "याच मैदानावर खेळला, आणि आपल्याच मुळावर उठला!"

बेलार्मिनो उभा राहिला.

"पेनल्टी होती!"

करकोचे उडाले. गाव तोंड उघडं टाकून बघत राहिलं. बेलार्मिनो, आणि पेनल्टी होती म्हणतोय?

"तुम्ही काय पाहिलंत काका, इथे बसून?"

"ऐकली मी. या कानाने. धडधडीत हाताला लागला."

"अहो, फोनवर लिहिलंय, छातीला लागला!"

"लिहिणाऱ्याला चष्मा लागलाय. फेर्मिनकडे पाठवा, स्वस्तात करून देईल." दोघं-तिघं नकळत हसले. बेलार्मिनो हसला नाही. "अरे, वाल्देसोलचं पोरगं ते. त्याला ठाऊक नसेल आज घरी काय होईल ते? डोळे मिटून घेतले असते तर आज आपण त्याला खांद्यावर घेऊन नाचलो असतो. नाही मिटले त्याने. जे दिसलं ते वाजवलं. आणि आता ज्याला त्याच्या आईचं नाव घ्यायचंय त्याने तिथे मागे लपून घेऊ नये. इथे पुढे यावं. ही बसलीय ती. तोंडावर घ्या."

कुणी आलं नाही. मागचा आवाज विरत गेला. इसिद्रोने टोपी काढली, डोकं खाजवलं. "एर्मिनिया, तुला उद्देशून नव्हतं गं ते," तो पुटपुटला. "मी आपला... उद्या ये दुकानावर. चांगलं मटण काढून ठेवतो."

"बरं," एर्मिनिया म्हणाली. तिला उठताना जरा वेळ लागला. बेलार्मिनोने उशी उचलली.

वाटेत बारच्या बाहेर हिरवे झेंडे गुंडाळून ठेवलेले होते. ते बघून बेलार्मिनोची पावलं रेंगाळली. आता एवढं वय झालं. पुन्हा इतक्या जवळ कधी येणार? दाराशी पोचल्यावर त्याने उशी पुढे केली. तिने घेतली नाही. आत फोन वाजत होता, ती दार उघडं टाकून धावली, आणि तो उशी घेऊन तसाच उंबऱ्यावर उभा राहिला. स्वयंपाकघरात तळण्यासाठी दुपारी वळून ठेवलेले हॅमचे क्रोकेट ताटात ओळीने मांडलेले होते. तिने त्यांच्याकडे पाठ करून फोन कानाला लावला.

"असं काय करतोस, फेर्मिन? सरळ शहरात कशाला? ... अरे, कुणी काही म्हणत नाही. ... जेवण तयार आहे बाळा. ..." मग ती ऐकतच राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू पडत गेला. शेवटी तिने फोन छातीशी धरला.

"रडतोय तो," ती म्हणाली. "कुणीतरी काढलेला व्हिडिओ पाहिला त्याने. छातीलाच लागला होता म्हणे. आई, मी चुकलो, आता कुठल्या तोंडाने गावात येऊ, म्हणतो. काय सांगू मी त्याला?"

बेलार्मिनोने उंबरा ओलांडला. उशी खुर्चीवर ठेवली आणि फोन तिच्या हातातून घेतला.

"फेर्मिन, मी बेलार्मिनो."

"काका..." पलीकडे श्वास अडखळला. "काका, ती पेनल्टी नव्हती."

पानावरून उठलेला बाप, गुंडाळलेले झेंडे, मैदानात मटकन बसलेला पोरगा, सगळं बेलार्मिनोच्या डोळ्यांपुढून गेलं. त्याने फोन कानाशी घट्ट धरला.

"इथून तर पेनल्टीच दिसली, पोरा," तो म्हणाला. "मी मैदानाच्या फाटकाशी उभा राहतो. बारवरून आपण दोघं बरोबर चालत येऊ. निघ आता, आई तेल तापवतेय."

फोन ठेवून तो वळला तेव्हा एर्मिनिया डोळे पुसत होती, आणि टेबलावर तीन ताटल्या मांडलेल्या होत्या.