खळ उतरलेले कापड

सोमवार, दिनांक १३ जानेवारी २०२५, सकाळचे दहा. स्थळ ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका इमारतीचा तळमजला. १९१२ साली स्थापन झालेल्या ‘वर्दे आणि मंडळी’ या वास्तुविशारद संस्थेच्या अभिलेखागाराचे शटर मधोमध कापलेले होते, आणि अभिलेखपाल उत्तम साळवी त्याच्या शाबूत कुलपाकडे पाहत उभे होते.

“कोणी कापलं हे?”

“मी कापायला लावलं,” आतून मेघना वर्दे म्हणाली. “काल दुपारी वरच्या कारखान्याचा पाइप फुटला. फोनवर फोन केले तुम्हाला. कुठे होतात?”

“डोंबिवलीला. घरी.”

“मग उचलला का नाहीत?”

साळवी वाकून कापलेल्या शटरमधून आत शिरले. संस्थापकांची ही पणती कचेरीत आल्यापासून दोघांत धड संभाषण झाले नव्हते. तिला जुने नकाशे स्कॅन करून हवे होते. स्कॅन झाले की मूळ प्रती भंगारात जाणार, या खात्रीने साळवींनी तिला भर कचेरीत ‘रद्दीवाली’ म्हटले होते. स्कॅनवाली माणसे त्यांनी दारातूनच परत धाडली. दुसरी किल्ली मागूनही दिली नाही. काल तिचे नाव फोनवर उमटताच ते पत्नीला म्हणाले होते, “वाजू दे. रविवारीपण हिला नकाशेच पायजेत.”

“कटरवाला भेटेपर्यंत संध्याकाळ झालेली, साहेब,” चौकीदार रतन म्हणाला. “पाणी सगळं कपाटांवरच पडत होतं.”

ते नकाशे कागदावर नव्हते. खळ दिलेल्या तलम कापडावर शाईने रेखलेले होते. खळ पाण्यात विरघळली, आणि तिच्यावर बसलेली शाई तिच्यासोबत वाहून गेली.

साळवींनी एक कापड उजेडात धरले. शाळा की धर्मशाळा, सांगायला एक रेघ उरली नव्हती. मऊ, पांढरे, तान्ह्या बाळाच्या झबल्याला चालले असते.

“तुम्ही नाहीतरी टाकूनच देणार होतात,” ते म्हणाले.

“कोण म्हणालं? एकदा तरी विचारलंत मला?”

साळवींनी कापड पिळले नाही. ओलेच, पूर्वीसारखे काळजीपूर्वक गुंडाळले, आणि गळ्यातली किल्ली काढून तिच्यापुढे धरली. मेघनाने हात पुढे केला नाही.

“नकाशे तुम्ही घालवलेत, साळवी.”